परत आलेले थेंब

निनाद पोतनीसने शुक्रवारी संध्याकाळी फरशीवर उडवलेले व्हिस्कीचे तीन थेंब रविवारी दुपारी परत आले.

रीतसर आले, गेटवरून. निनाद पातेल्यातूनच नूडल्स खात होता, तेवढ्यात सोसायटीच्या अॅपवर विचारणा उगवली. त्यात पाहुणे, डिलिव्हरी, कॅब आणि कामवाल्या मावशी एवढेच पर्याय असतात. गेटवरच्या उत्तरेश्वरने बराच विचार करून 'डिलिव्हरी' निवडलं होतं आणि खाली टाईप केलं होतं, 'थेंब परत'. तेवढ्यानं समाधान झालं नसावं, म्हणून त्याने फोनही केला.

"सर, ते थेंबवाले आलेत. सोडू का?"

"कुठले थेंबवाले?"

"तुम्ही शुक्रवारी उडवले म्हणतेत. तिकडं घेतले नाहीत म्हणून परत आणलेत."

"किती आहेत?"

"एकच माणूस आहे, सर."

"अरे, थेंब किती?"

मागे काहीतरी विचारल्याचा आवाज आला. "तीन म्हणतेत."

तीन बरोबर होते. निनादने 'आत सोडा' दाबलं आणि पातेलं सिंकमध्ये ठेवलं.

आता हे थेंबांचं प्रकरण सगळ्यांनाच माहीत असतं, पण तरी सांगतो. ग्लास भरला की पहिला घोट घ्यायच्या आधी करंगळीशेजारचं बोट बुडवायचं आणि तीन थेंब खाली उडवायचे. निनादला हे त्याच्या विलासमामाने शिकवलं. मामाला कुणी शिकवलं ते मामाला माहीत. हे थेंब जातात कुठे, असं आपल्याकडे कुणी विचारत बसत नाही. ज्याने शिकवलं तो गेला असेल तर त्याला जातात, आणि तो अजून हिंडता-फिरता असेल तर त्याच्या आधीच्याला जातात. व्यवस्था सरळ आहे आणि ती चालू आहे, त्यामुळे तिच्याविषयी बोलायची वेळच येत नाही. विलासमामा दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून निनादचे थेंब त्याला जात होते आणि तो ते घेत होता. आजवर तक्रार नव्हती.

बेल वाजली. दारात करड्या सफारीतले एक गृहस्थ होते. खांद्याला झोळी, हातात हळदीकुंकवाच्या कोयरीएवढी स्टीलची डबी. चपला त्यांनी बाहेर काढल्या आणि भिंतीला समांतर लावल्या.

"गायधनी. थेंब पोच विभाग, पुणे ग्रामीण."

"पुनावळे आता ग्रामीण नाहीये पण. आम्ही टॅक्स महापालिकेला भरतो."

"आमच्याकडे अजून ग्रामीणच आहे," गायधनी म्हणाले आणि आत आले.

"पाणी देऊ का, काका?"

"ड्युटीवर काका म्हणू नका. पाणी चालेल."

त्यांनी बसायला जागा पाहिली. हॉलमध्ये एकच खुर्ची होती, निनादची कामाची, चाकांची. तिच्यावर लॅपटॉप होता. बाकी एक गादी, एक टेबल आणि कोपऱ्यात पाण्याचे दोन जार, एक भरलेला, एक रिकामा. गायधनी उभेच राहिले. त्यांनी डबी उघडून पुढे केली. आत तीन थेंब होते, मधाच्या रंगाचे, एकमेकांना न चिकटता बसलेले.

"बघून घ्या. तुमचेच ना?"

निनादने वास घेतला. "माझेच."

"कसला वास येतो?"

"धुराचा."

"तेच कारण आहे," गायधनी म्हणाले. "घेणारे विलास गणपुले, मिरज. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, धूर आहे. धूर एकदा झालाय, पुरे."

निनादने डबी नाकापासून दूर धरली. मामाला नेलं त्या दिवशी कृष्णाघाटावर लाकडं ओली होती आणि धूर फार झाला होता. तो निनादच्या डोळ्यांत गेला होता, आणि तेव्हा ते बरंच पडलं होतं.

"पण ही तशी नाहीये हो," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे आहे धुराची, सिंगल माल्ट आहे, तिकडे सुकवताना धूर देतात म्हणे धान्याला. पण एकदम सौम्य. धुराची पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठीच असते ही. घाबरायचं काही कारणच नाही!"

"ते त्यांना कसं कळणार? त्यांना जीभ नसते. थेंब उडवताना उडवणाऱ्याच्या तोंडून जे निघतं, तेच थेंबासोबत जातं. त्यावरून घ्यायचं की नाही ते ठरवतात. शुक्रवारी तुम्ही काय म्हणाला होतात?"

निनादने आठवलं. एका हाताने थेंब उडवताना दुसऱ्या हातातला ग्लास नाकाशी गेला होता, आणि तो ओरडला होता, "आईशप्पथ, काय धूर आहे!"

"तेवढंच पोचलं," गायधनी म्हणाले.

"मग आधी? इतकी रम उडवली मी दोन वर्षं."

"तेव्हा तुम्ही 'मामा, घे' म्हणायचात. घ्यायचे."

"मग सोप्पंय की! मी रम आणतो. काळी. त्याला तीच आवडायची."

"फोडलेली बाटली संपेपर्यंत दुसरीचे थेंब चालत नाहीत. नाहीतर लोक महागातली पितात आणि स्वस्तातली उडवतात."

"बरं, मग ही न उडवता संपवतो."

"न उडवता घोट घेतला की पत्ता बंद. आणि थेंब तीनदा परत आले तरी पत्ता बंद. हे तुमचं पहिलं."

"पत्ता बंद म्हणजे काय होतं?"

"म्हणजे पुढे थेंब नुसते फरशीवर पडतात."

"आणि मग?"

"मग फरशी पुसायची," गायधनी म्हणाले. त्यांनी पाणी संपवलं, ग्लास सिंकमध्ये नेऊन ठेवला, डबी खात्याची आहे, सांभाळा, असं बजावलं आणि ते गेले.

निनादकडे तो एकच ग्लास होता. तो त्याने विसळला आणि फ्रिजवरच्या बाटलीकडे बघत उभा राहिला.

बाटली केदारची. म्हणजे केदारने दिलेली. कर्वेनगरला चौघं एका फ्लॅटवर राहायचे, निनाद, केदार, योगीराज आणि तन्मय, आणि दर शनिवारी बसायचे. मग योगीराजने लग्न केलं आणि मोशीला गेला. तन्मय पळायला लागला, मॅरेथॉन वगैरे, आणि पळता पळता औंधला स्थायिक झाला. केदार गेला जर्मनीला. गणपतीत आला होता तेव्हा विमानतळावरून ही बाटली घेऊन आला. "आपण बसू तेव्हाच फोडायची हां," असं म्हणाला आणि न बसताच परत गेला. निनादचं काम सॉफ्टवेअर तपासायचं, तेही घरून. मीटिंगमध्ये तो म्यूटवर असतो. कधी कधी दिवसातलं पहिलं वाक्य तो संध्याकाळी बोलतो, आणि तेही उत्तरेश्वरशी, पार्सलबद्दल. शुक्रवारी, काही कारण नसताना, त्याने बाटली फोडली. एकट्याने ग्लास भरायची ती त्याची पहिलीच वेळ.

आणि आता ही भानगड.

पण निनाद तसा हार मानणारा नाही. चव शब्दांत सांगायची एवढंच ना? मग नीट सांगू! सोमवारी काम आटपल्यावर त्याने अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, लॅपटॉप गादीवर ठेवून खुर्ची मोकळी केली आणि बसला. ग्लासात दोन बोटं व्हिस्की ओतली.

मामाचं मिरजेत चष्म्याचं दुकान होतं. निनाद इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा मामाने दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याला पहिला पेग दिला होता, नंबर तपासायच्या खुर्चीत बसवून. रम, आणि थर्मासमधलं कोमट पाणी. मामा बाहेरचं पाणी पीत नसे, कुठेही गेला तरी थर्मास बरोबर. त्याने ग्लासात थोडं पाणी घातलं आणि गिऱ्हाइकाला भिंगं बदलून विचारायचा तसं विचारलं होतं, "आधीचं बरं, की आत्ताचं?"

"आधीचं."

मग आणखी थोडं पाणी. "आणि आता? आधीचं की आत्ताचं?"

"आत्ताचं."

"मग हा तुझा नंबर," मामा म्हणाला होता. "हा लक्षात ठेव. दुसऱ्याच्या नंबरानं प्यायचं नाही."

निनादने ग्लास नाकाशी नेला. घोट मात्र घेतला नाही, आधी थेंब उडवायचे होते. मग त्याच्या लक्षात आलं, चव घेतल्याशिवाय सांगणार काय, आणि न उडवता घेतली तर पत्ता बंद. तो दोन मिनिटं तसाच बसला. शेवटी त्याला सुचलं की शुक्रवारचे, परत आलेले तीन थेंब डबीत आहेत. ते एकदा उडवून झालेले होते. त्याने डबी उघडून ते जिभेवर घेतले.

तीन थेंबांत काय कळतं म्हणाल, तर बरंच कळतं, माणूस लक्ष देऊन असला तर. आधी ते कळलं ज्याचं नाव घ्यायचं नव्हतं. ते आलं आणि बाजूला उभं राहिलं. त्याच्या मागून गोड काहीतरी आलं.

"मामा," निनाद मोठ्याने म्हणाला. फ्लॅटमध्ये आवाज जरा मोठाच वाटला. "मध आहे. पातळ, काकवीसारखा नाही, हलका. मग नासपती. पिकलेली, जरा मऊ पडलेली. मग भाजलेलं कणीस, म्हणजे लिंबू-मीठ लावायच्या आधीचं. आणि शेवटी थोडं खारट, ओठांना. भारी आहे, मामा, घे."

धूर हा शब्द कुठेही आला नव्हता. त्याने बोट बुडवलं, तीन थेंब उडवले आणि घोट घेतला. नासपती खरंच होती.

गुरुवारी अॅप वाजलं. 'थेंब परत'.

"वर्णन आवडलं त्यांना," गायधनी चपला काढता काढता म्हणाले. "पोरगं सुधारलं, म्हणाले. नासपती दोनदा म्हणून दाखवायला लावली."

"मग परत का?"

"मग त्यांनी विचारलं, सोबत कोण होतं. घेणाऱ्याला तसं विचारता येतं." गायधनींनी स्वतःची दुसरी डबी उघडून थेंब दाखवले. "आता मला सांगा, सोमवारी तुम्ही बसला होतात की पीत होतात?"

"म्हणजे?"

"साधा प्रश्न आहे."

"बसलोच होतो की! ह्या खुर्चीत."

"खुर्चीत सगळेच बसतात. सोबत कोण होतं?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही पीत होतात," गायधनी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त नोंद होती. "आपल्याकडे माणसं बसतात. 'बसू या का' म्हणतात, 'पिऊ या का' म्हणत नाहीत. एकट्यानं केलं तर ते पिणं. आमच्याकडून बसण्याचेच थेंब पोचतात, पिण्याचे नाही. शुक्रवारचेही ह्याच कारणानं परत आले असते, पण धुराचं आधी निघालं."

"दुसरा माणूस आणला की झालं?"

"समोर हवा. आणि हे तुमचं दुसरं, हे लक्षात असू द्या."

निनादने लगेच फोन लावायला घेतले. गायधनी जिना उतरत असतील तोवरच योगीराजची रिंग गेली होती.

"अरे यार, येतो ना!" योगीराज म्हणाला. "किती महिने झाले! फक्त प्राजूला विचारून सांगतो." मग मेसेज आला, पुढच्या महिन्यात नक्की जमवू, आणि पुढे दोन ग्लास एकमेकांवर आपटल्याचं चित्र.

तन्मय पळत होता. धापा टाकत म्हणाला, "भावा, मी झोपायच्या चार तास आधी पाणीसुद्धा घेत नाही. तू ये ना पळायला."

"पळताना थेंब कसे उडवू?"

"काय?"

"काही नाही."

निनादने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. समोर कोण राहतं हे त्याला माहीत नव्हतं, दारावर नुसतं 'शुभ लाभ' होतं. आतून बाईचा आवाज आला, "पार्सल तिथंच ठेवा."

"पार्सल नाहीये. मी समोरचा."

"समोरच्यांचं समोर द्या," आवाज म्हणाला, आणि टीव्ही मोठा झाला.

खाली जाऊन त्याने उत्तरेश्वरला विचारलं. उत्तरेश्वरने शर्टाचं वरचं बटण काढून तुळशीची माळ दाखवली. "मला चालत नाही, सर. नाहीतर आलो असतो. तुम्ही चांगले आहात, पार्सल लगेच उचलता."

राहिला केदार. शुक्रवारी संध्याकाळी, तिकडे दुपार असताना, केदार व्हिडिओवर आला. समोर माणूस म्हणजे स्क्रीनवर चालेल का, हे निनादने विचारून ठेवलं नव्हतं, पण करून बघायला काय हरकत होती? त्याने लॅपटॉप जारवर ठेवला आणि खुर्ची समोर ओढली.

"फोडलीस? माझ्याशिवाय?" केदार ओरडला. "गद्दार!"

"अरे, त्यावरूनच मोठी भानगड झालीय. तू ग्लास घे ना आधी."

"बिअर आहे. चालेल? थांब हां, ही हाक मारतेय. दोन मिनिटं."

केदार उठला. स्क्रीनवर त्याची खुर्ची राहिली, निळी, पाठीवर लहान मुलाचं जाकीट टाकलेली. निनाद थांबला. तिकडे कुठेतरी नळ सुटला, बंद झाला, कुणीतरी हसलं, एक दार लागलं. बिअरचा फेस खाली बसला. खुर्चीमागच्या खिडकीतून उन्हाचा तुकडा खुर्चीच्या हातावर आला आणि हळूहळू पलीकडे गेला. निनादने तो पूर्ण जाईपर्यंत बघितला. भरलेला ग्लास त्याने हातातच धरला होता, त्यात बोट घातलं नाही. मग त्याने ग्लासातली व्हिस्की फनेल नसल्यामुळे कागदाच्या पुरचुंडीतून परत बाटलीत ओतली आणि लॅपटॉप मिटला.

शनिवारी गायधनी डबी न्यायला आले. दोन डब्या अडकून पडल्या होत्या आणि विभागाला कमी पडत होत्या.

निनादने त्या घासून पुसून ठेवल्या होत्या. "तुम्हीच बसा ना," तो म्हणाला. "दहा मिनिटं. खुर्ची घ्या, मी गादीवर बसतो."

"ड्युटीवर आहे."

"सुटल्यावर?"

"आमच्यात सुटत नाही," गायधनी म्हणाले. "शिवाय मी बसलो तरी दोघं होत नाहीत. खात्याचा माणूस माणसांत धरत नाहीत."

"मग कुणाला धरतात?"

"समोर बसणारा कुणीही. ज्याला नाव आहे असा."

निनादने डब्या त्यांच्या हातात दिल्या, पण सोडल्या नाहीत. "जिवंतच पाहिजे का?"

गायधनी विचारात पडले. त्यांनी छताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, जिथे समोरच्या टॉवरचं काम चालू होतं आणि क्रेन अर्ध्यात थांबली होती.

"तसं कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"मग मामाला बोलावता येईल?"

"येतं. बोलावणं थेंबासोबतच जातं, त्याला दुसरी वाट नाही. आणि समोर बसायलाच बोलावलं असेल तर आम्ही ते पोचवतो. पण ते नाही म्हणाले तर ते तुमचं तिसरं."

"लोक बोलावतात?"

"फार नाही."

"का?"

"बहुतेकांकडं बसायला कुणीतरी असतं," गायधनी म्हणाले. त्यांनी डब्या झोळीत टाकल्या आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं.

निनादने त्या संध्याकाळी दिवे लावले नाहीत. टॉवरच्या मागे सूर्य जायचा होता, तेवढा उजेड पुरत होता. त्याने ग्लास भरला आणि पुढ्यात ठेवला. ह्या वेळी जिभेवर घ्यायला परत आलेले थेंब होतेच, गुरुवारचे. ते त्याने डबी घासायच्या आधी चमच्यात काढून ठेवले होते.

त्याने ते घेतले, आणि चमच्यात पाण्याचा एक थेंब टाकून तो चाटला. आधीचं की आत्ताचं? आत्ताचं. आणखी एक थेंब पाणी. आधीचं की आत्ताचं?

मध आला. नासपती आली. कणीस आलं. सगळी येऊन बसली, आणि ज्याचं नाव घ्यायचं नव्हतं ते अजून बाजूला उभंच होतं. सोमवारी निनादने त्याला तसंच उभं ठेवलं होतं. पण मामा चष्मेवाला होता. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून त्याने कधी कुणाला कमी नंबर सांगितला नव्हता. निनादने डोळे मिटले आणि त्याच्याकडे नीट लक्ष दिलं.

तो धूरच होता. पण बोचणारा नव्हता. तांब्याचा वास होता त्याला, आणि ओल्या केसांचा. नारळाच्या करवंट्या जळल्यावर येतो तो, आणि वर वाफ. निनादने डोळे उघडले.

"मामा," तो म्हणाला, "धूर आहे. मागच्या वेळी मी सांगितलं नाही. पण तो नाहीये हा. हा बंबाचा आहे. तुमच्या मागच्या अंगणातल्या बंबाचा. दिवाळीत तू करवंट्या घालायचास आणि मला बादली भरून द्यायचास, आणि त्या पाण्याला धुराचा वास यायचा, आणि अंघोळ झाल्यावर मला दिवसभर यायचा. सुट्टी संपून शाळेत गेलो तरी यायचा, मी कॉलर हुंगत बसायचो. तो आहे. घाबरायचं कारण नाही." थेंब उडवेपर्यंत जे निघेल ते सगळंच जाणार होतं, त्यामुळे लपवायला जागा नव्हती. "एकटाच आहे मी इथं. सगळे नीट आहेत, पण कुणाला जमत नाहीये. तू ये ना. बसू या."

त्याने बोट बुडवलं आणि तीन थेंब उडवले. ते फरशीवर पडले, आणि नेहमी दिसतात तसेच दिसले. घोट त्याने घेतला नाही. ग्लासावर बशी झाकून ठेवली.

रविवारी अॅप वाजलं, तो किराणा होता. पुन्हा वाजलं, ते समोरच्या 'शुभ लाभ'चं पार्सल चुकून त्याच्या नावावर आलं होतं. ते त्याने समोर दिलं. प्रत्येक वेळी फोन उचलण्याआधी तो हात पँटला पुसत होता. थेंबांच्या जागा त्याने पुसल्या नाहीत, केर काढताना झाडूही तिथून वळवून नेला. नवीन ग्लास आणावा का, असं त्याला दोनदा वाटलं आणि दोनदा त्याने चपला घालून परत काढल्या. आणला आणि थेंब परत आले तर त्या ग्लासाचं काय करायचं? तिसऱ्यांदा मात्र तो गेला आणि घेऊन आला. एकच मिळत नव्हता, सहाचा संच घ्यावा लागला.

उन्हं उतरल्यावर उत्तरेश्वरचा फोन आला.

"सर, एक काका आलेत."

निनाद उठून उभा राहिला. "थेंबवाले?"

"नाही, ते नाहीत. हे दुसरेच. विलास गणपुले म्हणतेत. गाडी नाही. कुठून आले विचारलं तर मिरज म्हणाले. पाहुण्यांत टाकू का डिलिव्हरीत?"

"पाहुण्यांत."

"हातात थर्मास आहे. ते विचारतेत, वर गरम पाणी आहे का, का हेच चालेल."

"तेच बरं म्हणावं."

"तेच बरं म्हणतेत, काका," उत्तरेश्वर तिकडे कुणाला तरी म्हणाला आणि परत फोनवर आला. "सर, अॅपमध्ये विचारतंय, किती वेळ थांबणार. काय टाकू?"

निनादने बाटलीकडे पाहिलं. ती अजून अर्ध्याच्या बरीच वर होती.

"बराच वेळ टाक," तो म्हणाला.

त्याने बशी काढून ठेवली. दुसरा ग्लास खोक्यातून काढला, त्यावरचा चिकटलेला भावाचा कागद नखाने खरवडला, पूर्ण निघाला नाही, तसाच विसळून टेबलावर ठेवला आणि त्यात दोन बोटं ओतली. खुर्ची खिडकीजवळ, उजेडात नेली, मामाला अंधारात काही दिसत नसे. दार सताड उघडं ठेवलं. कोपऱ्यातला रिकामा जार आडवा घ्यावा की उभा, हे त्याने बसून बघितलं नाही, नुसतं हाताने दाबून बघितलं, आणि उभा ठेवला.

खाली लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. आकडे वर यायला लागले. नऊवर, निनादच्या मजल्यावर, ते थांबले, आणि पॅसेजमध्ये करवंट्या जळाल्याचा मंद वास आला.

निनादने खुर्ची जरा तिरकी केली, म्हणजे येणाऱ्याला चाकं आड येऊ नयेत. आणि मग, जारवर, समोर, तो बसला.